मुलांमधला लठ्ठपणा: बालरोग डॉक्टरांना ओळखायला आणि बोलायला कसं शिकवावं

बालरोग विभागात जे नव्याने शिकवू लागले आहेत आणि ज्यांच्याकडे ‘रेसिडेंट्सचं (विभागात काम करत तज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचं) लठ्ठपणावर एक ट्रेनिंग घ्या’ हे काम आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असं काम आलं की बहुतेकजण आधी स्लाइड्स करायला बसतात. कारणं, गुंतागुंत, तपासण्या, उपचार, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. तासभर सगळे ऐकतात, दुसऱ्या दिवशी ओपीडी जशीच्या तशी चालू राहते. म्हणून स्लाइड्सना हात लावण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातल्या ३९ कोटींहून अधिक मुलामुलींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. त्यातली १६ कोटी लठ्ठपणाच्या गटात मोडत होती. १९९० मध्ये या वयोगटात जास्त वजनाचं प्रमाण ८ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. पाचातलं एक मूल. पण ही मुलं वजनाची तक्रार घेऊन येत नाहीत. ती खोकल्यासाठी येतात, पोटदुखीसाठी येतात, लस घ्यायला येतात. डॉक्टर वजन घेतात, कारण औषधाचा डोस किलोवर ठरतो. उंची राहून जाते. उंची नाही म्हणून बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) नाही, बीएमआय नाही म्हणून तक्त्यावर ठिपका नाही, आणि ठिपकाच नसल्यामुळे पुढचं बोलणंही नाही.

दुसरी अडचण बोलण्यातली आहे. ज्यांना दिसतं त्यांनाही विषय कसा काढावा ते सुचत नाही. आईबाबा दुखावतील, मूल हिरमुसेल, बाहेर रांग लागली आहे, अशा विचारात विषय टळतो, किंवा मग एका दमात उपदेश होतो. रेसिडेंटला इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) व्याख्या झोपेतही सांगता येते. त्याला पहिली दोन वाक्यं येत नाहीत. तुमच्या प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त वेळ या दोन गोष्टींना द्या: मोजून मांडणं आणि बोलणं. बाकीचं ते वाचून घेतात.

पायरी १: आधी जुने केसपेपर काढा

पहिल्या सत्राच्या आधी आपल्याच ओपीडीतले २ वर्षांवरच्या मुलांचे तीसेक केसपेपर काढा. नावं झाका. प्रत्येकावर पाच गोष्टी पाहा: उंची लिहिली आहे का, बीएमआय काढला आहे का, तो तक्त्यावर मांडला आहे का, जास्त वजनाचं निदान लिहिलं आहे का, आणि घरच्यांशी काय बोललं गेलं याची नोंद आहे का. ज्यांची उंची आणि वजन दोन्ही आहेत, त्यांचा बीएमआय तुम्ही स्वतः काढा आणि किती मुलं निसटली ते मोजा.

हे काम रेसिडेंट्सकडूनच करून घेतलं तर फार बरं. बाहेरच्या देशातला अभ्यास दाखवून जे पटत नाही, ते स्वतःच्या अक्षरातला केसपेपर पाहून पटतं. मात्र कोणाचा केसपेपर कोणता हे सत्रात उघड करू नका. ज्याला खाली मान घालावी लागली, तो पुढच्या सत्रात तोंड उघडत नाही.

पायरी २: मोजमाप हाताने शिकवा

हे सगळ्यांना येतं असं गृहीत धरलं जातं, आणि तिथेच घोळ होतो. पूर्ण एक सत्र वजनकाट्यापाशी आणि उंचीमापकापाशी घ्या. ओपीडीतल्या सिस्टर आणि मदतनीस यांनाही बोलवा, कारण प्रत्यक्षात मोजमाप बऱ्याचदा तेच घेतात.

वजन घेताना बूट, जाड कपडे, खिशातल्या वस्तू काढायच्या. काट्याचा शून्य रोज सकाळी तपासायचा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, दोन वर्षांनंतर उभं करून उंची घ्यायची. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटरने जास्त भरते, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजलं ते लिहायला हवं. उभं करताना टाचा, पाठीचा खालचा भाग आणि खांदे मागे टेकलेले, गुडघे सरळ. डोळ्याची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत यायला हवी. केस उंच बांधले असतील तर सोडायला सांगायचं. भिंतीवर चिकटवलेली कागदी पट्टी चालणार नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं कोणीतरी विचारतंच. त्याला गणित करायला लावा. वजन ३६ किलो आणि उंची १३० सेंटीमीटर असेल तर बीएमआय २१.३ येतो. तेच मूल वाकून उभं राहिलं आणि उंची १२७ भरली, तर बीएमआय २२.३. तीन सेंटीमीटरच्या निष्काळजीपणाने आकडा एक पूर्ण अंकाने सरकला, कारण सूत्रात उंचीचा वर्ग असतो.

याच सत्रात रक्तदाब घ्या. तीन वर्षांपासून पुढे रक्तदाब तपासायचा असतो, आणि भरलेल्या दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा जास्त येतो. कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. पौगंडातल्या मुलाला कधीकधी मोठ्या माणसाचा मोठा कफ लागतो. तो ओपीडीत आहे का, हे सत्राच्या आधी बघून ठेवा.

कमरेचा घेरही दाखवून ठेवा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पोटातल्या चरबीकडे लक्ष द्यायचं. बीएमआयला पर्याय म्हणून नव्हे, जोड म्हणून.

पायरी ३: तक्ता वाचायला शिकवा

पाटीवर फक्त एवढं लिहा: मुलगा, ८ वर्षं, बीएमआय २१.३. नॉर्मल आहे का? मोठ्यांच्या वॉर्डातून नुकताच आलेला डॉक्टर हमखास ‘हो’ म्हणतो. मोठ्या माणसात हा आकडा उत्तमच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर आठ वर्षांच्या मुलाची लठ्ठपणाची रेघ २० च्या जरा खालीच आहे. हे मूल तिच्या वर आहे. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगाशिवाय वाचता येत नाही, हे या एका उदाहरणाने जितकं पक्कं बसतं, तितकं व्याख्येने बसत नाही.

मग मर्यादा सांगा, थोडक्यात. संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार पाच वर्षांखाली उंचीच्या मानाने वजन पाहतात. +२ एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीपासूनचं अंतर मोजायचं एकक) वर जास्त वजन, +३ च्या वर लठ्ठपणा. पाच ते एकोणीस वयासाठी २००७ चे संदर्भ तक्ते आहेत. तिथे वयानुसार बीएमआय +१ एसडीच्या वर गेला तर जास्त वजन, +२ च्या वर लठ्ठपणा. हे आकडे कुठून आले असं विचारलं तर सांगा, की एकोणिसाव्या वर्षी +१ ची रेघ बीएमआय २५ ला आणि +२ ची रेघ ३० ला जाऊन मिळते, म्हणजे मोठ्यांच्या मर्यादांना. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी, तिचे तक्ते पर्सेंटाइलवर (शंभरातली किती मुलं या आकड्याच्या खाली आहेत यावर) चालतात: ८५ पासून जास्त वजन, ९५ पासून लठ्ठपणा, आणि ९५ व्या पर्सेंटाइलच्या १२० टक्क्यांपासून तीव्र लठ्ठपणा. आपल्या विभागाने कोणता तक्ता स्वीकारला आहे ते एकदा ठरवून टाका. एकाच मुलाचा एक ठिपका एका तक्त्यावर आणि दुसरा भलत्याच तक्त्यावर, यातून काहीही निष्पन्न होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक ठिपका पाहू नका, चाल पाहा. बाळाचा बीएमआय पहिल्या वर्षात वाढतो, मग कमी होत जातो, आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली येऊन पुन्हा वर चढू लागतो. हे वळण जितकं लवकर येतं, तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलीचा बीएमआय खाली जाण्याऐवजी वर वळला असेल, तर ती अजून सामान्य रेघांच्या आत असली तरी तिच्या घरच्यांशी बोलण्याची हीच वेळ आहे. लठ्ठपणाची रेघ ओलांडेपर्यंत थांबणं हा मला या सगळ्यातला सर्वांत वाईट प्रघात वाटतो. तोवर सवयी रुजतात आणि मूल शाळेतलं चिडवणं सोसू लागतं.

सरावासाठी कार्डं करा. प्रत्येकावर मुलाचं वय, लिंग आणि तीन-चार वेगवेगळ्या वेळची उंची-वजनं. रेसिडेंट्सनी हाताने ठिपके मांडायचे आणि एका वाक्यात चाल सांगायची. सॉफ्टवेअर असलं तरी पहिल्यांदा हातानेच. एक कार्ड आवर्जून असं ठेवा, की ज्यात वजन वाढतंय आणि उंचीची चाल मंदावली आहे. पुढच्या पायरीला ते लागेल.

पायरी ४: इतिहास आणि तपासणी

आहार-व्यायामाने वाढलेल्या वजनाचं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची अडली आहे, असं दिसलं की थायरॉइड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हॉर्मोन जास्त होणं), ग्रोथ हॉर्मोन यांचा विचार करायचा. अशी हॉर्मोनची कारणं फार थोड्या मुलांत सापडतात, पण ‘थायरॉइड तपासा’ हा आग्रह जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. ज्याला उंचीचा हा धागा समजला, त्याला तपासणी कधी करायची आणि कधी शांतपणे नको म्हणायचं, दोन्ही जमतं. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि कशानेही न शमणारी भूक असेल तर जनुकीय कारणांकडे वळायचं. त्यासोबत विकासात मागे पडणं असेल तर प्रेडर-विली, बार्डेट-बीडल यांसारखी सिंड्रोम्स डोळ्यांसमोर हवीत. औषधांची यादी विचारल्याशिवाय इतिहास पुरा करू नका. स्टिरॉइड्स, व्हॅल्प्रोएट, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांनी वजन वाढतं, आणि ही औषधं बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरांनी सुरू केलेली असतात.

तपासणीत मानेच्या मागे आणि काखेत पाहायला लावा. काळी, मखमली जाड त्वचा हे इन्सुलिन रेझिस्टन्सचं लक्षण आहे. घरचे तिला मळ समजून घासत असतात, आणि तो मळ नाही हे मुलासमोर डॉक्टरने सांगणं हाच त्या मुलाला केवढा दिलासा असतो. झोपेत घोरणं, श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं विचारा. मुलींमध्ये पाळीची अनियमितता आणि नको तिथे केस. सतत डोकेदुखी आणि अंधुक दिसणं असेल तर डोळ्याचा पडदा पाहिल्याशिवाय सोडू नका.

गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलेला जास्त वजनाचा किशोर हा वेगळा विषय करून शिकवा. खुब्याच्या हाडाचं टोक घसरलं की दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो, मूल घरी जातं आणि खुबा कायमचा बिघडतो. नियम साधा आहे: खुबा तपासायचा, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायचा आणि शंका असली तर त्याला चालू द्यायचं नाही, थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे.

रक्ततपासण्यांवर फार वेळ घालवू नका. दहा वर्षांवरच्या लठ्ठपणा असलेल्या मुलांत लिपिड (रक्तातली चरबी), साखर आणि एएलटी (यकृताची तपासणी) पाहायचं. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. १२६ आणि ६.५ पासून मधुमेह, अर्थात लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री केल्यावर.

पायरी ५: आपल्या मनातलं आधी तपासा

संभाषणाचं सत्र घेण्याआधी अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकाला एका कागदावर, नाव न लिहिता, ‘मुलाचं वजन वाढलं की माझ्या मनात घरच्यांबद्दल पहिला विचार कोणता येतो’ ते लिहायला सांगा. कागद एकत्र करून वाचा. ‘लाड’, ‘आळस’, ‘लक्ष नाही’ असे शब्द येतील. कोणाला दोष न देता मग विचारा: याच घरातलं दुसरं मूल बारीक असेल तर?

इथे शास्त्र उपयोगी पडतं. भूक आणि तृप्ती मेंदूतून चालते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. घराभोवती काय स्वस्त आणि सहज मिळतं, खेळायला जागा आहे का, पालक किती वाजता घरी येतात, मूल किती तास झोपतं, या कशावरही मुलाचा ताबा नसतो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१७ मध्ये वजनावरून होणाऱ्या अवहेलनेबद्दल स्वतंत्र भूमिका मांडली. तिचं सार असं, की लाज वाटल्याने वजन कमी होत नाही. उलट मुलं भरमसाट खाऊ लागतात, खेळ टाळतात, डॉक्टरकडे यायचं टाळतात.

शब्दांचे नियम पक्के करा. ‘लठ्ठ मुलगा’, ‘जाड्या’, ‘गुटगुटीत’ यांतला एकही शब्द ओपीडीत नको, कौतुकानेही नको. ‘वजन’, ‘वाढ’, ‘वयाच्या मानाने वजन पुढे गेलंय’ असं बोला. राउंडला आपापसात बोलतानाही हेच. ज्या सीनियरच्या तोंडी ‘तो जाडा पेशंट’ असतं, त्याचा रेसिडेंट पेशंटसमोर वेगळं बोलेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. खोलीही तपासा: हाताची खुर्ची अरुंद आहे का, वजनकाटा सगळ्यांसमोर आहे का, सिस्टर आकडा मोठ्याने सांगतात का?

पायरी ६: बोलणं

आता मुख्य काम. आधी नेहमीचं संभाषण करून दाखवा, अतिशयोक्ती न करता:

‘वजन फार वाढलंय याचं. बाहेरचं खाणं बंद करा, मोबाईल बंद करा, रोज तासभर पळवा. नाहीतर डायबेटिस होईल. तीन महिन्यांनी दाखवा.’

यातलं प्रत्येक वाक्य बरोबर असू शकतं. विचारा, आईच्या भूमिकेत बसलेल्याला काय वाटलं? मुलाच्या भूमिकेतल्याला? उत्तरं खोलीतूनच येऊ द्या.

मग दुसरी पद्धत. मिलर आणि रोलनिक यांनी विकसित केलेली प्रेरणादायी संवादाची पद्धत मूळ व्यसनमुक्तीच्या कामातून आली. तिचा गाभा असा, की बदलायची कारणं डॉक्टरने सांगायची नाहीत, समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायची. हे असं दिसतं:

डॉक्टर: खोकल्याचं औषध लिहिलं. आज त्याची वाढही तक्त्यावर मांडली आहे. दाखवू का तुम्हाला?

आई: हो, दाखवा ना.

डॉक्टर: या रेघा त्याच्या वयाच्या मुलांच्या, आणि हे ठिपके त्याचे. तुम्हाला काय दिसतंय?

आई: वर वर चाललेत. पण डॉक्टर, त्याच्या बाबांकडे सगळेच अंगाने भरलेले आहेत.

डॉक्टर: म्हणजे हे घराण्यातलं आहे असं तुम्हाला वाटतं.

आई: तसंच असेल. फक्त हल्ली जिने चढताना त्याला दम लागतो, ते काही बरं वाटत नाही.

इथे थांबा आणि सगळ्यांना विचारा की बदलाचं पहिलं वाक्य कोणाच्या तोंडून आलं. डॉक्टरने परवानगी मागितली, तक्ता दाखवला, उघडा प्रश्न विचारला आणि आईचं म्हणणं तिलाच परत ऐकवलं. वाद घातला नाही. ‘आनुवंशिक नाही हो, खाणं जास्त होतंय’ असं तो म्हणाला असता तर जिन्याची गोष्ट कधीच आली नसती.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं सर्वांत अवघड जातं. सरावात पाच सेकंद मोजायला लावा. बहुतेकजण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

पुढचं साधन मापपट्टीचा प्रश्न. ‘घरात गोड पेयं आणायची नाहीत, हे तुम्हाला शून्य ते दहामध्ये किती जमेल असं वाटतं?’ उत्तर ‘चार’ आलं, तर ‘चारच का?’ विचारायचं नाही. ‘चार म्हणालात, एक किंवा दोन का नाही म्हणालात?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला अडचणी सांगितल्या जातात, दुसऱ्याला बळ. मग: ‘चारचे सहा व्हायला काय लागेल?’ इथून घरच्यांचाच एक छोटा बेत निघतो, आणि केसपेपरवर तो त्यांच्याच शब्दांत लिहायचा.

सराव तिघांच्या गटात घ्या: एक डॉक्टर, एक पालक, एक निरीक्षक. आठ मिनिटं संभाषण, चार मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाने फक्त मोजायचं: किती उघडे प्रश्न, किती वेळा समोरच्याचं बोलणं परत मांडलं, किती सल्ले न विचारता दिले, कोण जास्त बोललं. अभिप्रायाला हे आकडे पुरतात, ‘छान केलंस’ची गरज राहत नाही. पालकाच्या भूमिकेसाठी चिठ्ठ्या द्या: ‘आजी म्हणते मूल बाळसेदार हवं’, ‘मी दोन नोकऱ्या करते, स्वयंपाकाला वेळ नाही’, ‘मागच्या डॉक्टरांनी मला रडवलं होतं’, ‘धाकटा बारीक आहे, त्याला खाऊ घालावंच लागतं’. शेवटची चिठ्ठी घरोघरी खरी असते. तिचं उत्तर एकच, की नियम एका मुलाला नसतात, घराला असतात.

वयानुसार रीत बदलते. लहान मुलाच्या बाबतीत पालकांशी बोला. गरज पडली तर मुलाला बाहेर खेळायला पाठवून. शाळकरी मुलाला आधी त्याच्या आवडीचं विचारा आणि बेत ठरवताना दोनपैकी एक निवडायला द्या. किशोरवयीनांशी थोडा वेळ एकट्याने बोलायची परवानगी मागा. तिथे चिडवणं, मनःस्थिती, जेवण टाळणं, एकदम खूप खाणं, उलटी काढणं, वजन कमी करायच्या गोळ्या हे सगळं विचारायचं. झपाट्याने वजन उतरलेल्या किशोरीचं कौतुक करण्याआधी ते कसं उतरलं हे विचारा. खाण्याचे गंभीर विकार जास्त वजनाच्या मुलामुलींतही होतात, आणि टाळ्यांच्या गजरात निसटून जातात.

ही पद्धत नुसती गोड बोलणं आहे का, असा प्रश्न येईलच. अमेरिकेतल्या बालरोग दवाखान्यांत २ ते ८ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ या दोघांनीही पालकांशी असं बोलल्यावर, दोन वर्षांनी त्या मुलांचा सरासरी बीएमआय नेहमीची सेवा मिळालेल्या मुलांपेक्षा साधारण तीन पर्सेंटाइलने कमी होता. फरक प्रचंड नाही, पण तो साध्या दवाखान्यांत आणि साध्या डॉक्टरांनी घडवलेला आहे.

पायरी ७: सल्ल्याचा मजकूर

सल्ल्याची यादी लांब नसावी. एका भेटीत एकच बदल, फार तर दोन. कशावर बोलायचं याचा क्रम मी असा ठेवतो: गोड पेयं, झोप, स्क्रीन, हालचाल, जेवणाची रीत. पेयं पहिली, कारण एकच सवय सुटते आणि फरक पडतो. पाकिटातला फळांचा रसही यातच धरायचा, आणि एक वर्षाखाली तर कुठलाच रस नको. झोप सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास, तेरा ते अठराला ८ ते १०. पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल. व्यायाम हा शब्द न वापरता खेळ, नाच, चालत शाळेत जाणं असं बोललं तर मुलं ऐकतात. जेवणाबाबत आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी शिकवा: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते पालक ठरवतील, खायचं की नाही आणि किती, ते मूल ठरवेल. ताट संपवायची सक्ती आणि बक्षीस म्हणून खाऊ, दोन्ही यात बसत नाहीत.

वाढत्या मुलात वजन उतरवायलाच हवं असं नाही, हे गणिताने दाखवा. ४० किलो आणि १३२ सेंटीमीटर म्हणजे बीएमआय २३. वर्षभरात वजन तेच राहिलं आणि उंची १३८ झाली, तर २१. घरच्यांच्या खांद्यावरचं ओझं या एका उदाहरणाने हलकं होतं. तीव्र लठ्ठपणात मात्र हे पुरत नाही, तिथे पुढची मदत लागते.

त्या मदतीबद्दल रेसिडेंटला इतकं माहीत हवं: अमेरिकन अकादमीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिणामकारक उपचार म्हणजे ३ ते १२ महिन्यांत कुटुंबासोबत २६ किंवा अधिक तासांचं प्रत्यक्ष काम. ओपीडीतली दहा मिनिटं हे त्याचं दार आहे, उपचार नव्हेत. त्यामुळे दहा मिनिटांत फरक पडला नाही म्हणून पालकांवर चिडायला जागाच उरत नाही. त्याच सूचनांत १२ वर्षांपासून औषधांचा आणि १३ वर्षांपासून तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनाचा पर्याय मांडला आहे. सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्यांसाठी मान्यता मिळाली. पालक याबद्दल वाचून येतात. ‘ते सगळं वाईट’ किंवा ‘लिहून देतो’ या दोन्हीऐवजी ‘कोणाला, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली’ हे सांगता यायला हवं.

पायरी ८: वेळापत्रक आणि परीक्षा

एका दिवसात सगळं उरकू नका. दीड-दोन तासांची चार सत्रं, मध्ये दोन-दोन आठवडे: मोजमाप आणि तक्ता, इतिहास आणि तपासणी, पूर्वग्रह आणि पहिली वाक्यं, पूर्ण संभाषण. मधल्या आठवड्यांत प्रत्येकाने ओपीडीत एक गोष्ट करून यायची, जसं की पाच मुलांचे ठिपके मांडायचे, किंवा तीन घरांना तक्ता दाखवून नुसतं ‘काय दिसतंय?’ विचारायचं. पुढचं सत्र त्यांच्या अनुभवापासून सुरू करा.

लेखी परीक्षा घेतली तरी तिच्यावर भिस्त नको. ओएससीईमध्ये (स्थानकांवर जाऊन प्रत्यक्ष कौशल्य दाखवायची परीक्षा) दोन स्थानकं ठेवा, एक मोजून मांडण्याचं आणि एक अभिनय करणाऱ्या पालकाशी बोलण्याचं. गुण देताना पालकाची भूमिका करणाऱ्यालाही एक प्रश्न विचारा: ‘या डॉक्टरकडे तुम्ही परत याल का?’ त्या उत्तराला वजन द्या. शिवाय प्रत्येक रेसिडेंटजवळ एकदा खऱ्या ओपीडीत बसा, घरच्यांची परवानगी घेऊन, आणि मध्ये बोलू नका.

तीन महिन्यांनी पुन्हा तीसेक केसपेपर काढा आणि त्याच पाच गोष्टी मोजा. उंचीचा रकाना अजून रिकामा असेल तर लेक्चर वाढवू नका. उंचीमापक वजनकाट्याच्या शेजारी आणा आणि छापील केसपेपरवर वजनाच्या पुढेच उंची आणि बीएमआयच्या चौकटी घ्या. ठिपके आहेत पण बोलण्याची नोंद नाही, असं दिसलं तर तिसरं सत्र पुन्हा घ्या, त्याच ओपीडीत घडलेली संभाषणं चिठ्ठ्यांवर उतरवून. सगळं जमत असेल आणि पालक परत येत नसतील, तर पुढच्या भेटीची तारीख कोण देतं, फोन कोण करतं, हे सिस्टरांसोबत बसून ठरवा. नवी तुकडी आली की हे केसपेपर तिच्या पहिल्या सत्रात वापरा.